कपाशीच्या हंगामातली उसण

देवळीच्या रस्त्याच्या कडेला बाभळींना कापूस लटकायला लागला की माझा हात आपोआप कमरेवर जातो. ट्रॅक्टरांतून वाऱ्यावर सुटलेला तो कापूस काट्यांना अडकून राहतो आणि वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून सकाळी फिरायला निघालेले लोक त्याच्याकडे पाहतही नाहीत. मी पाहतो. थंडी पडली, तूर पिवळ्या फुलांवर आली, भाजीवाल्याच्या गाडीवर भरताची वांगी दिसली, की मी अंथरुणात पडल्या पडल्या कमरेला विचारतो, काय, आहेस ना ठीक? ती काही बोलत नाही. तिच्या या न बोलण्याचाच मला संशय येतो.

मी मुळातच संशयी माणूस. हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दरवर्षी मुलांना लिंबातून निघणारं रक्त, नारळातून उठणारा जाळ असले चमत्कार करून दाखवतो आणि मग त्यामागची भानगड उलगडतो. पुरावा दाखवा, हे माझं पालुपद. दूधवाला 'आज दूध घट्ट आहे' म्हणाला, तरी मला प्रश्न पडतो की हा आजच का सांगतोय. मंजू, माझी बायको, म्हणते, तुम्ही आरशालाही ओळखपत्र मागाल. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ती ते नेमकं पाहुण्यांसमोरच का म्हणते, याचाही मी विचार करतो.

गेल्या वर्षीच्या हंगामात मात्र या संशयाने मलाच धरलं. ती हकिगत नीट क्रमाने सांगता येईल असं वाटत नाही. दुखणं क्रमाने आठवत नाही. बामाचा वास आठवतो, छताच्या पंख्याची तीन पाती आठवतात, पायमोजे आठवतात. पायमोजा ही केवढी लांब असलेली वस्तू आहे, हे कंबर धरल्याशिवाय कळत नाही. आपण असतो इथे आणि आपला पाय असतो तिकडे पुलगावला.

बाबांची डावी बाजू त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली. लकवा. ते रोहण्याला दादाकडे, माझ्या मोठ्या भावाकडे राहायचे, शेत तिथेच. पण उपचार वर्ध्यात, म्हणून मी त्यांना घरी घेऊन आलो. रोज सकाळी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून संडासात, परत खुर्चीत. बाबा हाडापेराने मोठे. त्यांना उचलताना मला धाप लागायची आणि ती त्यांना कळू नये म्हणून मी उगाच खोकायचो. "खोकला झाला का बे गजू तुले?" ते विचारायचे. मी म्हणायचो, हवा बदलली. तेव्हा ज्येष्ठ चालू होता, हवा काही बदललेली नव्हती.

म्हणून मी जिम लावली. घराजवळच, हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर. तीन महिन्यांत बाबांना उचलणं सोपं झालं, खोकला गेला. तिथेच थांबायला हवं होतं. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाच्या दंडाला बेटकुळी आली की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मला डेडलिफ्टचा नाद लागला. जमिनीवरची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी उचलायची, सरळ उभं राहायचं, परत ठेवायची, एवढंच. गाडीत कापसाचं गाठोडं टाकणाऱ्या माणसाला सांगितलं, की लोक हे शुल्क भरून करतात, तर तो आपल्याकडे काळजीने पाहील. पण मला त्यात फार सुख वाटायचं. साठ किलो, सत्तर, ऐंशी. मला शंभर करायचे होते.

कार्तिकातली सकाळ. नव्वद झाले होते. तिथला शिकवणारा विक्की म्हणाला, "सर, आज अथीच थांबा. पाठ गोल होऊन राह्यली तुमची." मला लगेच संशय आला. याला का थांबवायचंय? त्याच्या वयाच्या पोरांना जे जमत नाही ते मास्तरला जमलं तर याचं काय जातं? संशयी माणसाचं हेच होतं. जिथे डोळे झाकून ऐकायचं, तिथेच तो नेमका पुरावा मागतो. मी दांडीच्या दोन्ही बाजूंना वजनाच्या चकत्या वाढवल्या. दांडी गुडघ्यांपर्यंत आली आणि कमरेत, डाव्या अंगाला, कट्कन वाजलं. आवाज फक्त मलाच ऐकू आला. मी दांडी ठेवली, पाणी प्यायलो, कुणाला तरी 'थंडी वाढली' असं काहीतरी म्हणालो आणि स्कूटरवर बसून घरी आलो. येताना कमरेत गरम पाणी सोडल्यासारखं वाटत होतं. दुखत नव्हतं. बरं वाटत होतं म्हटलं तरी चालेल.

घरी बाबा माझी वाट पाहत पलंगावर पडलेले. मंजू स्वयंपाकघरात. मी नेहमीसारखा वाकलो, त्यांच्या काखांत हात घातले, उचलायला गेलो आणि कमरेपासून टाचेपर्यंत करंट गेला. बाबा हातातून सुटून परत गादीवर पडले. मी पलंगाशी गुडघ्यांवर. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो शेजाऱ्यांनी ऐकला. मंजू पिठाच्या हातांनी धावत आली, तिने पाहिलं, आणि मागोमाग आलेल्या शेजारच्या काकूंना म्हणाली, "बाबांना उचलताना कंबर धरली यांची!"

मी तोंड उघडलं होतं. काय सांगायला, ते आता नक्की आठवत नाही. त्यातून फक्त 'आई गं' निघालं.

एवढंच झालं. खोटं मी बोललो नाही. ते आयतं घरी चालत आलं आणि मी त्याला बसायला जागा दिली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या आळीत पोचलं, दुसऱ्या दिवशी शाळेत. मुख्याध्यापकांनी फोनवर गहिवरून सांगितलं, "आजकाल बापाची एवढी सेवा कोण करतं सर!" मी पडल्या पडल्या 'कर्तव्यच आहे' असं म्हणालो. हौसेने लोखंड उचलताना कंबर मोडून घेतलेला मास्तर आणि बापाची सेवा करताना कंबर गेलेला मुलगा, यांतलं कोण व्हायचं हे मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मी काय निवडलं असतं, ते मला ठाऊक आहे. लाज वाटते, पण ठाऊक आहे.

बाबा मात्र काही बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दादा गाडी घेऊन आला तेव्हा कळलं, की फोन करून त्यांनीच बोलावून घेतलं होतं.

"बाबा, दोन आठवड्यांत बरा होतो मी. काऊन जाता?" मी शेजारच्या खोलीतून, पडल्या पडल्या, ओरडून विचारलं.

"माह्या वजनानं पोराची कंबर गेली," बाबा दादाला म्हणाले, मला नाही. "त्याची कंबर बरी झाल्याबिगर मी या घरात येत नाई, सांग त्याले."

दादाने दारात येऊन ते मला जसंच्या तसं सांगितलं, जणू मी ऐकलंच नव्हतं. मग चाकाच्या खुर्चीचा उंबऱ्यावरून उतरल्याचा आवाज आला. मला फक्त छताचा पंखा दिसत होता. तोंड उघडायची ती दुसरी संधी होती. मंजू खोलीत उभी होती, काकू उभ्या होत्या, दादा उभा होता. मी पंख्याची पाती मोजली. तीनच होती.

खरं सांगायचं तर बाबा दादाकडे गेले यात वावगं काही नव्हतं. घर त्यांचंच, गाव त्यांचं. पण वर्ध्यात त्यांच्या डाव्या पायाला रोज व्यायाम मिळायचा. ऋतुजा मॅडम नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट घरी यायची. तिच्या हाताखाली बाबांचा डावा अंगठा हलायला लागला होता. एक दिवस घोटाही. तिने बजावून सांगितलं होतं, पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं आपलं, नंतर फार काही हाती लागत नाही. रोहण्याला हे कोण करणार? म्हणजे मी गप्प राहिलेला प्रत्येक दिवस बाबांच्या पायातून वजा होत होता. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत असूनही मी शेकायची पिशवी मागत होतो.

आता तीच ऋतुजा मॅडम माझ्यासाठी यायला लागली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "पडून राहू नका. उठा, चाला." मला तिचा संशय आला. सगळं जग सांगत होतं, फळीवर झोपा, हलू नका. काकूंनी निरगुडीचा पाला आणून दिला होता, शाळेतल्या शिपायाने एका तेलाची बाटली पाठवली होती, जिच्यावर कुठेही काही छापलेलं नव्हतं. आणि ही मुलगी म्हणते, चाला! एमआरआय काढला. त्यात मणक्यातली एक चकती जराशी पुढे आलेली. "या वयात बऱ्याच जणांची असते," ती म्हणाली, "न दुखणाऱ्यांचीही." झालं. आयुष्यभर मी लोकांना पुरावा मागितला, आणि माझ्याकडेच तो नव्हता. दुखणं दिसत नाही. पायाला प्लास्टर असलं तर लोक त्यावर सह्या करतात. कंबरदुखीवाल्याकडे ते जरा मान तिरकी करून पाहतात.

"नेमकं कधी सुरू झालं?" तिने मंजूसमोर विचारलं.

"वडिलांना उचलताना."

"त्याच्या आधी काही जड उचललं होतं?"

"नाही."

तिने व्यायाम शिकवायला माझे हात हातात घेतले आणि तळव्यांकडे पाहिलं. दांडीने पडलेले चार-चार घट्टे, दोन्ही हातांना. "हे कशाचे?" मी म्हणालो, स्कूटरच्या मुठीचे. ती वहीत काहीतरी लिहायला लागली. मी ते उलटं वाचायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी मान वळवावी लागत होती आणि मान वळवली की कमरेत कळ यायची. मंजू मात्र माझ्या तळव्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मी जिमला जातो हे तिला माहीत होतं. त्या सकाळीही गेलो होतो हे तिला माहीत होतं का? आजतागायत मी विचारलेलं नाही.

त्या दिवसांतला प्रत्येक क्षण मी चोरासारखा जगलो. शिंक येणार असं वाटलं की दोन्ही हातांनी भिंत धरायची. उठताना कुशीवर वळायचं, पाय आधी खाली सोडायचे, मग हाताने धड वर लोटायचं. शाळेत जायला लागलो तेव्हा खडू हातातून पडला तर मी तो पडलाच नाही असं दाखवून दुसरा घ्यायचो. महिनाअखेर फळ्याखाली खडूंची रांग लागली होती. पट्टा बांधलेला असायचा, बसलं की तो करकरायचा. स्टाफरूममध्ये दोघं जण हळू बोलायला लागले की मला वाटायचं माझ्यावरच चाललंय. 'सर, आज जरा सरळ चालताय' असं कुणी म्हणालं, तर मी घाईने थोडा वाकायचो. आणि मग वाटायचं, हे मी काय केलं? खरंच दुखतंय ना आपल्याला? की दुखणं कधीच गेलंय आणि आपण ते धरून ठेवलंय, कारण ते गेलं की बाबांना आणायला जावं लागेल आणि त्यांच्यासमोर बसून बोलावं लागेल? स्वतःच्या कमरेवर पाळत ठेवून पाहा एकदा. दर मिनिटाला ती वेगळी साक्ष देते.

चालणं मात्र चालू ठेवलं. ऋतुजा मॅडमवर विश्वास बसला म्हणून नाही. तिला खोटं ठरवायचं म्हणून. पहिल्या दिवशी गेटपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग देवळीच्या रस्त्याने अर्धा मैल. तिने झाडूची काठी पाठीला लावून वाकायला शिकवलं. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेली हवीत आणि वाकायचं ते खुब्यातून. परसात काठी पाठीला धरून मी वाकत असताना काकू कुंपणावरून पाहत असायच्या. त्यांच्या भाच्याने एक दिवस मला रस्त्यात अदबीने नमस्कार केला. काय सांगितलं होतं त्याला, कुणास ठाऊक.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. बाया वेचणीला आलेल्या असायच्या. कमरेला कापडाची ओटी बांधून, वाकून, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढत त्या तासामागून तास पुढे सरकायच्या. मी रस्त्यावर उभा राहून पाहायचो. सकाळी आठला वाकलेली बाई माझ्या परतीच्या फेरीतही वाकलेलीच. मध्येच एखादी उभी राहायची, दोन्ही हात मागे कमरेवर टेकवायची, आभाळाकडे पाहायची आणि परत वाकायची. तेवढीच तिची फिजिओथेरपी. कुणी तिला विचारलं नसेल की कधी सुरू झालं, आधी काही जड उचललं होतं का. माझ्या कमरेभोवती अख्खी आळी जमली होती. मला त्या बायांसमोर पट्टा करकरवत उभं राहायची शरम वाटायला लागली. आणि हेही आठवायचं, की रोहण्याला सुमनवहिनी, दादाची बायको, दिवसभर अशीच वेचणी करून घरी येते आणि बाबांना उचलते.

दर रविवारी मी फोन करायचो. फोन दादा उचलायचा. "झोपले हायेत बाबा." सकाळी अकराला? मला नाना शंका. यांना माझ्याशी बोलू द्यायचं नाही काय? तब्येत लपवतोय काय? एकदा मागून वहिनीचा आवाज आला, "अव, सांगून टाका ना त्याईले." मी विचारलं, काय सांगायचं? दादाने सांगून टाकलं.

"तुह्याशी बोलायची हिंमत नाई म्हणते त्यायची. म्हणते, कोणत्या तोंडानं बोलू? पाय बी हालवत नाईत आता. मी म्हणलं व्यायाम करा, तं म्हणते, या पायासाठी अजून कोणाची कंबर मोडू?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. बसलो असतो तर उठता आलं नसतं. त्या दिवशी मला माझी खरोखर किळस आली. तरीही पुढचे दोन रविवार मी काही बोललो नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं.

पौषात दादाचाच फोन आला. "बाबा म्हणून राह्यले, गजूले अथी आण. लाथ मारतो म्हणते."

हे सांगायचं राहिलं. बाबा पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला अशाने पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. माझ्या लहानपणी हंगामात आमच्या ओसरीवर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. गाठोडी उचलणारे, बंडी हाकणारे, आणि एकदा तर तालुक्याचे साहेब, बूट हातात घेऊन. बाबा डावा पाय तीनदा लावायचे, तोंडाने काही बोलायचे नाहीत, आणि त्या माणसाच्या घरचा त्या दिवशी चहाही घ्यायचे नाहीत. मास्तर झाल्यावर मी त्यांच्याशी वाद घालायचो. उसण तशीही तीन-चार दिवसांत आपोआप उतरते बाबा, पायाचा काही संबंध नाही. "उतरते ना पण?" ते म्हणायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

मी दादाला सांगितलं, मला या गोष्टी पटत नाहीत. मग मंजूच म्हणाली, "पटत नाही म्हणून जाणार नाही, की दुसरं काही आहे?" ती भाजी निवडत होती, मान वर न करता बोलली. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

पुलगावला गाडी बदलली. एसटीत बसवेना म्हणून मी दांडा धरून उभा राहिलो, तर एक आजोबा उठून जागा द्यायला लागले. नको म्हणालो, तर ते बाजूच्या माणसाला म्हणाले, "मास्तर दिसते. बसाले बी सरकारी कागद लागते याईले." दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, आर्वीकडच्या अंगाला संत्र्याच्या बागा. प्रत्येक गतिरोधकाला मी टाचा उचलायचो. आणि मनात वाक्य जुळवायचो. कसंही जुळवलं तरी ते माझ्यावरच येऊन पडायचं.

रोहण्याला बाबांना पाहिलं आणि कमरेचं दुखणं विसरलो. ते खाटेवर बसले होते, भिंतीला टेकून. डावा पाय लाकडासारखा पडलेला. घोटा सुजलेला, बोटं आत वळलेली. वर्ध्याहून गेला तो पाय हा नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सतरंजीकडे बोट दाखवलं. "पालथा हो."

मी पालथा झालो. सतरंजीला कापसाचा आणि धुळीचा वास येत होता. मला खाटेचे पाय दिसत होते, बाबांचा उजवा पाय आणि त्याच्यामागे उभ्या दादाची पावलं. दाराशी सुमनवहिनी वेचणीहून आली तशीच, ओटीसकट.

"बाबा, उजव्यानं लावा ना," दादा म्हणाला.

"उजव्यात गुण नाई. तू डावा वर धर, लाथ मी मारतो."

दादाने त्यांचा पाय धरून वर घेतला असावा, कारण माझ्या सदऱ्याला टाच लागली आणि घसरली. परत लागली, परत घसरली. मागून बाबांचा श्वास ऐकू येत होता. हं. हं. दोन महिने न हलवलेल्या पायातून ते काहीतरी ओढून काढत होते. एक थेंब माझ्या मानेवर पडला. घाम होता की काय होतं, मी वळून पाहू शकत नव्हतो.

"राहू द्या बाप्पा," वहिनी म्हणाली. "दमले तुमी."

"राहू कसा देऊ?" बाबांना धाप लागली होती. "माह्यानं गेली त्याची कंबर. मीच आणून देतो त्याले."

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी सतरंजीतच तोंड खुपसून म्हणालो, "बाबा, तुमच्यानं नाई गेली."

"काय म्हणते?" बाबांनी दादाला विचारलं.

"जिममंधी गेली. लोखंड उचलताना. तुमच्याजवळ आलो तवा गेलतीच कंबर. मी सांगतलं नाई कोणाले."

बाहेर एक बकरी ओरडत होती, ती तेवढी ओरडत राहिली. माझ्या पाठीवर पाय अधांतरी होता, मला त्याची ऊब जाणवत होती. दादाची पावलं एक पाऊल मागे सरकलेली मी पाहिली.

"मंग पयले काऊन नाई सांगतलं बे?" बाबा म्हणाले.

आणि पाय खाली आला. टाचेकडून, पुऱ्या वजनाने, बरोबर त्या जागेवर. मी ओरडलो. वहिनी 'अगाई' म्हणाली. पाय बाबांनी मारला, की माझं बोलणं ऐकून दादाच्या हातून तो सुटला, हे मी मान वळवली असती तर दादाचे हात पाहून लगेच कळलं असतं. आयुष्यभर मी मान वळवून पाहत आलो. तेव्हा नाही वळवली.

"लागलं का?" वरून बाबांनी विचारलं. दोन महिन्यांत ते पहिल्यांदा माझी विचारपूस करत होते.

"हो."

"लय?"

"लय."

"मंग बराबर हाय," बाबा म्हणाले. "सुमन, माही पिशवी भर."